गंजाच्या यंत्राचा लॅपटॉप

सर — परत माझा फोटो आला.

ती — हो सर. म्हणजे परत फसलं.

सर — माझा फोटो आला म्हणजे फसलं? हे कुठलं शास्त्र?

ती — फॅक्टरी रीसेट पुरा झाला असता तर लॅपटॉप नव्यासारखा उघडला असता. भाषा कोणती, नाव काय, असं विचारत. तुमचा मानचिन्ह घेतानाचा फोटो काही कारखान्यातून आलेला नाही.

सर — जीभ आवर. घोडं कुठं अडलंय तेवढं सांग.

ती — एकोणतीस टक्क्यांवर. तिथं पोचतो, थांबतो, ‘बदल रद्द करत आहोत’ म्हणतो आणि होता तसा परत येतो.

सर — आपोआप काही अडत नसतं. तुझा हात लागला की यंत्रांना काय होतं कुणास ठाऊक. वजनकाटासुद्धा तुझ्याच हाताखाली डुलायला लागला होता.

ती — काटा पंख्याखाली ठेवलेला होता, सर. मी तो कोपऱ्यात हलवला आणि डुलायचा थांबला.

सर — हो, हो. विदुषीच तू. चार्जर नीट बसलाय का ते बघ आधी.

ती — बसलाय. बॅटरीही भरलेली आहे. चार्जर बदलून पाहिला, सॉकेट बदलून पाहिलं. दरवेळी त्याच ठिकाणी अडतो. विजेचा घोटाळा असता तर एकदा इथं अडला असता, एकदा तिथं.

सर — मला प्रयोगाची पद्धत शिकवतेस?

ती — नाही सर. तुमच्याच पुस्तकातलं सांगितलं. दुसरं प्रकरण.

सर — पुस्तक वाचलंयस, नवल आहे. तुझं काम बघून वाटलं नव्हतं. हे बघ, माझी अट साधी आहे. हा लॅपटॉप कोरा करून या टेबलावर ठेव, मी तुझ्या कार्यमुक्तीच्या पत्रावर सही करतो. ऑफिस पाचला बंद होतं. उद्या नव्या नोकरीवर हजर तुला व्हायचंय, मला नाही.

ती — पत्राशिवाय तिकडे आत घेणार नाहीत मला.

सर — मग गप्पा कशाला मारतेस?

ती — एकच विचारते. हे यंत्र गंज मोजतं, लॅपटॉप आकडे साठवतो. पुढच्या विद्यार्थ्यालाही तो लागणारच. मग कोरा कशासाठी?

सर — त्याच्यासाठीच. तुझा कचरा त्यानं का बघायचा? तीन वर्षं लोखंडाच्या पट्ट्या मिठाच्या पाण्यात बुडवत बसलीस आणि काय दिवे लावलेस? झाडून सगळ्या गंजवून ठेवल्यास! माझा लेप लावलेली पट्टी गंजत नाही. हे छापून आलंय, जगानं वाचलंय. तुझे आकडे म्हणतात गंजते. आता खोटं कोण, जग का तू?

ती — तिसरा पर्याय ठेवलाच नाहीत, सर.

सर — तिसरा पर्याय तुझी बोटं. तुझ्या बोटांना घाम येतो. घामात मीठ असतं. तिथनंच गंज सुरू होतो.

ती — मी हातमोजे घालते.

सर — काहींचा हातमोज्यांतूनही येतो. माझा पहिला विद्यार्थी उघड्या हातानं पट्ट्या उचलायचा. एक डाग दिसेल तर शपथ! तसा हात पुन्हा या प्रयोगशाळेत आला नाही. नंतर आली ती सगळी तुझ्यासारखी. मोठमोठे चष्मे, बारीक बारीक शंका.

ती — तुमच्या पहिल्या विद्यार्थ्याला मी कधी बघितलं नाही. रोज ऐकते मात्र.

सर — ऐकून काही फरक पडला नाही. चल, सुरू कर परत.

ती — तेच परत केलं तर तेच परत होईल. आधी कारण शोधू दे.

सर — आकडेच उडव ना सरळ! एवढं रामायण कशाला?

ती — ते सकाळीच करून पाहिलं. यंत्राकडून आलेले आकडे आत जातात, पण पुसता येत नाहीत. ‘परवानगी नाही’ म्हणतो.

सर — आणि कॉपी? घेतलीस का तू एखादी? खरं सांग.

ती — घेता आली असती तर घेतली असती. पेन ड्राइव्ह लावला की तो ओळखतच नाही. इंटरनेट तर याला कधी जोडलेलंच नव्हतं.

सर — चांगलं आहे. आता हे काय करतेस? माझा फोटो कुठं गेला?

ती — चाचणी करतेय. फोटोच्या जागी निळा रंग लावलाय आणि बाजूला एक रिकामं फोल्डर ठेवलंय. आता रीस्टार्ट.

सर — फोल्डर ठेवून लॅपटॉप दुरुस्त होतो? मंत्रबिंत्र पण म्हणणार आहेस का?

ती — दुरुस्त होत नाही. दुखणं कळतं.

सर — कुठं चाललीस म्हणे? रंगाच्या कारखान्यात?

ती — जहाजं दुरुस्त करतात तिथं. तळाचा गंज मोजायला.

सर — वा! आईवडिलांनी इतकं शिकवलं ते जहाजांची बुडं खरवडायला. घरी काय सांगितलंस, संशोधन करणार म्हणून?

ती — सांगितलं की तिथं गंजलेल्याला गंजलेलं म्हणतात. आईला लगेच पटलं.

सर — आईचं शिक्षण किती?

ती — तुमच्या लेपाबद्दल मत द्यायला पुरेल इतकं. आमच्या गॅलरीच्या कठड्याला लावून बघितला होता तिनं, मी नमुना नेला होता तेव्हा.

सर — गॅलरीला! माझा लेप गॅलरीला!

ती — आता साधा रंग लावलाय. बरा टिकतोय. हं, आलात सर.

सर — कोण आलं?

ती — तुम्ही. मानचिन्हासकट. निळा रंग गेला, फोल्डरही गेलं.

सर — मग? फोटो चांगला आहे, राहिला.

ती — फोटो राहिला नाही. परत आणला गेला. या लॅपटॉपवर काहीही बदललं, की रीस्टार्ट झाल्यावर तो बदल पुसून मूळ अवस्था परत येते. कुणीतरी कुलूप घातलंय याला. रीसेटही त्याच्या दृष्टीनं एक बदलच. सुरू करतो, मध्ये एकदा स्वतः बंद होऊन चालू होतो, आणि कुलूप सगळं जागच्या जागी आणून ठेवतं. एकोणतीस टक्के म्हणजे ती पहिली रीस्टार्टची जागा.

सर — म्हणजे लॅपटॉपला कसला आजार नाही.

ती — लॅपटॉप ठणठणीत आहे. त्याला जे सांगितलंय ते तो करतोय. फक्त यंत्राचे आकडे कुलपाला चालतात. ते आत घेतो, आणि एकदा घेतले की सोडत नाही. हे कुणी बसवलं असेल, सर?

सर — मी काय संगणक घेऊन बसतो का?

ती — तुम्ही नाही. बसवायला कुणी सांगितलं असेल?

सर — …कुलूप म्हणजे ते कुलूप का?

ती — कुठलं?

सर — ते मीच बसवून घेतलं होतं. आणि योग्य केलं होतं! विद्यार्थी गैरसोयीचे आकडे गुपचूप उडवतात. मग मी नियम केला, या यंत्रावरचा एकही आकडा कुणी पुसायचा नाही.

ती — दारावर लावलाय तो. पहिल्या दिवशी तुम्ही मला मोठ्यानं वाचायला लावला होता.

सर — मग? चुकीचा आहे का नियम?

ती — फारच चांगला आहे. आज दिवसभर मी त्याच्याविरुद्धच झटतेय, तरी हलत नाही.

सर — नियम विद्यार्थ्यांसाठी असतो.

ती — लॅपटॉपला तो फरक कळत नाही, सर. त्याला पासवर्ड कळतो. तो टाकला की कुलूप निघेल. मग रीसेट, मग सही. सांगा.

सर — काय?

ती — पासवर्ड.

सर — माझं नाव टाकून बघ.

ती — ते आत्ताच टाकून पाहिलं, सगळ्यात आधी.

सर — सगळ्यात आधी? का?

ती — शक्यता जास्त वाटली.

सर — पुढे डॉक्टर लाव.

ती — डॉक्टर लावून… नाही.

सर — प्राध्यापक डॉक्टर.

ती — नाही.

सर — लेपाचं नाव टाक.

ती — लेपाचं नाव म्हणजे तुमचंच आडनाव ना? ते झालं.

सर — मानचिन्हाचं वर्ष जोड त्याला.

ती — नाही. आणि आता म्हणतो, जरा दमानं घ्या, थोड्या वेळानं प्रयत्न करा. लॅपटॉपलासुद्धा कंटाळा आला.

सर — तुझ्यात आणि त्याच्यात तेवढंच साम्य आहे. दुसरा रस्ता काढ. पेन ड्राइव्हवरून चालू होतात ना हे?

ती — तसं करायला गेलं की लॅपटॉप सुरू होण्याआधीच पासवर्ड मागतो. तिथंही कुलूप आहे. पक्कं काम केलंय करणाऱ्यानं. डिस्क बाहेर काढून हातोड्यानं फोडायची, एवढंच उरतं.

सर — फोड मग.

ती — संस्थेची वस्तू आहे. दरवर्षी तपासणीला येतात तेव्हा का फोडली हे लिहून द्यावं लागेल. मी लिहून देईन. सरांनी सांगितलं म्हणून.

सर — काही नको. ठेव तो हातोडा.

ती — हातोडा घेतलेलाच नाही, सर. हा स्क्रू ड्रायव्हर आहे. हे कुलूप बसवलं कुणी?

सर — त्यानंच. माझ्या पहिल्यानं. त्याचे हात सोन्याचे होते, सांगितलं ना.

ती — मग त्याला माहीत असेल. फोन लावा.

सर — तो मोठा माणूस झालाय आता. सारखा कामात असतो.

ती — दर आठवड्याला तुमचा सल्ला घ्यायला फोन करतो, असं परवाच म्हणालात. सगळ्यांसमोर.

सर — करतो ना.

ती — आज तुम्ही करा. पाचला अजून वेळ आहे.

सर — तू बाहेर थांब.

ती — मग पासवर्ड टाकणार कोण? तुम्हाला कुठं टाकायचा ते माहीत नाही. फोन टेबलावर ठेवा, स्पीकर लावा.

सर — हे मला उगाच… बरं. कर ते स्पीकरचं काय ते.

(फोन बराच वेळ वाजतो. बंद होतो. सर पुन्हा लावतात.)

पहिला — बोला.

सर — अरे, मी बोलतोय! ओळखलंस का?

पहिला — ओळखलं. नंबर ठेवलाय तुमचा. उचलायचा नाही हे लक्षात राहावं म्हणून. लागोपाठ दोनदा वाजला तेव्हा वाटलं, कुणाचं काही बरंवाईट झालं असेल.

सर — छे, छे, सगळे मजेत. तुझी आठवण निघाली होती. एक बारीकसं काम आहे. ते गंजाच्या यंत्राचं कुलूप आठवतं तुला? लॅपटॉपवरचं?

पहिला — तो लॅपटॉप चालतोय अजून?

सर — चालतोय. फक्त जरा साफ करायचाय. पासवर्ड तेवढा सांग.

पहिला — साफ. हं. तुमच्याबरोबर कोण आहे?

सर — कुणी नाही. एक विद्यार्थिनी आहे.

ती — मी आहे. आज सोडून चाललेय.

पहिला — अच्छा. तुमच्या बोटांना घाम येतो का हो?

ती — सर म्हणतात येतो.

पहिला — माझ्याही यायचा.

सर — अरे, जुन्या थट्टा आता कशाला काढतोस?

ती — पण तुम्ही तर उघड्या हातानं पट्ट्या उचलायचात. एक डाग पडायचा नाही.

पहिला — असं सांगतात? कमाल आहे. दोन दोन जोड हातमोजे घालायला लावायचे मला. पट्ट्या गंजल्या का तुमच्या?

ती — सगळ्या. आठवडाभरात.

पहिला — हो, साधारण तेवढ्यातच. माझ्याही.

सर — तू काय बोलतोयस हे कळतंय का तुला? तुझं नाव आहे त्या लेखावर!

पहिला — आहे. छापून आल्यावर वाचलं मी. त्यातले आकडे कुठल्या यंत्रावर घेतले, ते मला अजून कळलेलं नाही. तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

ती — मग तुमचे खरे आकडे?

पहिला — असतील ना त्याच लॅपटॉपमध्ये, तुमच्या आकड्यांच्या खाली. जातील कुठं? सरांना खात्री होती की चांगले आकडे येतात आणि मी ते मुद्दाम उडवतो. म्हणून कुलूप. मी म्हटलं, बसवतो. निदान गंजलेले तरी राहतील.

सर — हे सगळं नंतर बोलू. पासवर्ड सांग आणि मोकळा हो.

पहिला — माझ्याकडे नाही.

सर — तूच बसवलंस!

पहिला — कुलूप मी बसवलं. पासवर्ड तुम्ही टाकलात. मला व्हरांड्यात उभं केलं होतं, भिंतीकडे तोंड करून. आत बोलावलंत ते टाकून झाल्यावर. ज्याला चोर ठरवलं त्याला किल्ली कशी दाखवणार?

सर — मला वाटलं नंतर तुला सांगितला होता.

पहिला — तुम्ही कुणाला काही सांगता का, सर? आठवा स्वतःच. ठेवतो मी. आणि बाई, तिकडे पोचलात की कळवा. हा नंबर सरांकडून घ्या. देतील असं वाटत नाही, पण मागून बघा.

सर — हॅलो? …ठेवला. बघितलंस? कडवट झालाय. काहींना यश पचत नाही.

ती — कुठलं यश, सर?

सर — तोंड सांभाळून बोल! तो काहीही बरळतो आणि तू ऐकतेस. मत्सर आहे सगळा. माझ्याशिवाय त्याला ओळखत होतं कोण?

ती — नंबर द्याल का त्यांचा?

सर — नाही.

ती — बरं. पासवर्ड आठवला?

सर — आठवेल. सारखं टोचू नकोस. आठवायला शांतता लागते.

ती — बसते शांत. नाही आठवला तरी हरकत नाही म्हणा. मी थांबते.

सर — किती वेळ थांबणार? ऑफिस बंद होईल.

ती — आजच्यापुरतं म्हणत नाहीये. तुमची सही नाही, म्हणजे मी अजून तुमचीच विद्यार्थिनी. उद्या सकाळी येईन, नवीन पट्ट्या कापीन, घासीन, तुमचा लेप लावीन आणि बुडवीन. लेप तुम्ही स्वतःच्या हातानं लावा हवं तर. आठवड्यानं आकडे येतील. मग पुन्हा बुडवीन. तुमच्या नियमाप्रमाणे एकही पुसला जाणार नाही. नुसते वाढत राहतील.

सर — ती जहाजवाली नोकरी?

ती — त्यांना सांगीन, सर सोडत नाहीत, माझ्या कामाचं त्यांना फार कौतुक आहे.

सर — धमकी देतेस मला?

ती — संशोधन करते म्हणतेय. मी ते करत नाही, हीच तुमची तक्रार होती ना?

(सर लॅपटॉपचं झाकण मिटतात.)

ती — पाणी हवंय का, सर? साधं आणते.

सर — पत्र दे इकडे.

ती — आणि लॅपटॉप?

सर — राहू दे तो तिथंच. खालच्या कपाटात टाक. बिघडलाय म्हणून सांगीन. पत्र दे म्हटलं ना!

ती — हे घ्या. सही खाली उजवीकडे.

सर — मला सही कुठं करायची ते शिकवू नकोस. ही मधली जागा रिकामी का सोडली आहेस? सोडण्याचं कारण.

ती — ते मार्गदर्शकानं लिहायचं असतं.

सर — काय लिहू?

ती — तुम्हाला जे खरं वाटेल ते.

सर — ‘वैयक्तिक’ लिहितो.

ती — चालेल, सर. कुणाचं, ते त्यात विचारलेलं नाही.